छोट्या आगगाडीच्या डब्यातला दिवा: बल्ब काढून एलईडी बसवताना

एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढ्या, एका जुन्या प्रवासी डब्याचा टप मी पहिल्यांदा उघडला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला तीन तपकिरी वर्तुळे उमटलेली दिसली. प्रत्येक वर्तुळाच्या बरोबर खाली गव्हाच्या दाण्याएवढा एक बल्ब बसवलेला होता आणि मधल्या बल्बच्या वरचे प्लॅस्टिक तर मऊ पडून किंचित खाली झुकले होते. बल्ब अजून चालू होते आणि त्यांचा पिवळसर उजेडही मनाला भावणारा होता. परंतु ते आणखी काही वर्षे तसेच जळत राहिले असते, तर डबा हातचा गेला असता. कोल्हापुरातल्या आमच्या घराच्या माडीवर, आठ फूट लांब आणि चार फूट रुंद फळीवर, मी हा छोटा लोहमार्ग सांभाळतो, आणि त्या डब्यापासून सुरुवात करून एकेका डब्यातले बल्ब काढून एलईडी बसवत आलो आहे. या कामामागचे तत्त्व काय, कोणता भाग कशासाठी लागतो आणि आकडे कसे मांडायचे, हे विजेचे शिक्षण न घेतलेल्या वाचकालाही कळावे, अशा रीतीने येथे सांगतो.

बल्ब काढला, त्याच दोन तारांना एलईडी जोडला, की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे केले तर एलईडी एकदा लख्ख चमकून कायमचा विझतो. तो वाचलाच, तर गाडी एका दिशेने जाताना पेटतो आणि उलट दिशेने येताना पेटत नाही, शिवाय रुळांच्या प्रत्येक जोडावर लुकलुकतो. याचे कारण असे की जुना बल्ब प्रकाश देण्याखेरीज आणखी तीन कामे न बोलता करत होता. वीज कोणत्याही दिशेने आली तरी ती स्वीकारत होता, आपल्यामधून किती प्रवाह जावा हे स्वतःच आवरत होता, आणि वीज क्षणभर तुटली तर तापलेल्या तारेच्या धगीवर तो क्षण निभावून नेत होता. एलईडी यांतले एकही काम करत नाही. ती तिन्ही कामे आपल्याला वेगळ्या भागांवर सोपवावी लागतात, आणि ती नीट सोपवली की बाकीचे सारे हातकाम उरते.

आधी बल्बाचा हिशेब पाहू. या दाण्याएवढ्या बल्बाला साधारण १२ व्होल्ट आणि ५० मिलीअँपिअर लागतात, म्हणजे एक बल्ब ०.६ वॉट खातो आणि तीन बल्बांचा डबा १.८ वॉट खातो. आकडा लहान दिसतो, परंतु बल्बात गेलेल्या विजेचा अगदी थोडा भाग उजेड होतो आणि उरलेली सर्व उष्णता होते. ती उष्णता वीतभर लांबीच्या बंद प्लॅस्टिकच्या पेटीत कोंडली जाते. असे डबे ज्या पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकचे बनतात, ते सुमारे ९० ते १०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि बल्बाच्या लगत टपाला तेवढी झळ सहज लागते. दुसरा भार विजेच्या पुरवठ्यावर पडतो. दहा डब्यांची गाडी धरली, तर नुसत्या दिव्यांना दीड अँपिअर लागतो, आणि तीन अँपिअरचा पुरवठा असेल तर त्यातला निम्मा इंजिनाने ओढायच्या आतच संपतो. तीच गाडी एलईडीवर नेली आणि प्रत्येक डब्याला ९ मिलीअँपिअर दिले, तर दहा डब्यांना मिळून ०.०९ अँपिअर पुरतो.

तरीही त्या बल्बाचा गुण मान्य करायला हवा. त्यातली टंगस्टनची तार तापत जाते तसा तिचा रोध वाढत जातो. पूर्ण तापलेल्या तारेचा रोध थंड तारेच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असतो. त्यामुळे विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, थोडा वाढला तर तारच प्रवाहाला अधिक अडवते आणि बल्ब टिकतो. एलईडीचे वागणे नेमके याच्या उलट आहे, आणि ते समजण्यासाठी आम्हा कोल्हापूरकरांना लांब जायला नको. आपल्याकडे पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपल्यावर त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले, की मागे पाणी चढत राहते, परंतु ते काठाला लागेपर्यंत पलीकडे पाणी पडत नाही. एकदा ते काठावरून वाहू लागले, की पातळी चार बोटे चढली तरी वाहणाऱ्या पाण्यात फार मोठा फरक पडतो. पांढऱ्या एलईडीचा हा काठ सुमारे ३ व्होल्टचा असतो. त्याखाली तो जवळजवळ काहीच वाहू देत नाही, आणि त्याच्या वर दाब किंचित वाढला तरी प्रवाह भसाभस वाढतो. प्रवाह वाढला की एलईडी तापतो, तापल्यावर त्याचा काठ आणखी खाली येतो, प्रवाह आणखी वाढतो, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो जळतो. लाल एलईडीचा काठ याहून खाली, सुमारे २ व्होल्टवर असतो.

हा पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो, हेही येथे सांगून ठेवतो, कारण पुढे रंग निवडताना ते उपयोगी पडते. त्यात निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो; निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरे दिसते. लाल एलईडी १९६२ मध्येच तयार झाला होता, परंतु पुरेसा तेजस्वी निळा एलईडी हाती यायला १९९० चे दशक उजाडले, आणि त्या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या छोट्या गाड्यांमध्ये बल्बच का दिसतात, याचे उत्तर या तारखांत आहे.

आता पहिले काम, दोन्ही दिशांची वीज स्वीकारण्याचे. एलईडी हा डायोड आहे, म्हणजे शेतीपंपाच्या पाइपलाइनवर बसवतात त्या एनआरव्हीसारखा तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. साध्या डीसी मार्गावर गाडीची दिशा बदलण्यासाठी आपण रुळांवरचे धन आणि ऋण उलट करतो, आणि एलईडी त्या क्षणी अंधार करतो. डीसीसी या डिजिटल पद्धतीत तर रुळांवरच्या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत असते. बहुतेक एलईडी उलट दिशेचा ५ व्होल्टपर्यंतचाच दाब सहन करतात आणि रुळांवर १४ व्होल्ट असतात, तेव्हा नुसता एलईडी जोडणे म्हणजे त्याला रोज थोडे थोडे मारणे होय. यावर उपाय म्हणजे ब्रिज रेक्टिफायर. चार डायोडांची ही चौकट अशी बांधलेली असते, की रुळांवरून वीज कोणत्याही बाजूने आली तरी ती बाहेर एकाच दिशेने पडते. डब्याच्या दिव्यांना १एन४१४८ जातीचे चार डायोड पुरतात. जोडकाम कमी करायचे असेल, तर एमबी६एस ही चारही डायोड पोटात असलेली नखाएवढी चकती मिळते. मात्र वीज प्रत्येक वेळी यातल्या दोन डायोडांतून जाते आणि प्रत्येक डायोड सुमारे ०.७ व्होल्ट ठेवून घेतो. हे १.४ व्होल्ट पुढच्या प्रत्येक हिशेबात वजा करायचे असतात, हे विसरू नये.

दुसरे काम प्रवाह आवरण्याचे, आणि ते रेझिस्टर करतो. हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाचा आहे. डीसीसीचे १४ व्होल्ट घेतले, त्यातून ब्रिजचे १.४ आणि एलईडीचे ३ वजा केले, की ९.६ व्होल्ट उरतात. हे उरलेले व्होल्ट रेझिस्टरने पचवायचे असतात. एलईडीमधून ३ मिलीअँपिअर हवे असतील, तर ९.६ भागिले ०.००३ म्हणजे ३२०० ओहम येतात. बाजारात त्याच्या जवळचा ३.३ किलोओहमचा रेझिस्टर मिळतो, ज्याच्या अंगावर नारिंगी, नारिंगी आणि लाल असे पट्टे असतात. यात जळणारी शक्ती ०.०३ वॉटच्या आसपास असते, त्यामुळे पाव वॉटचा रेझिस्टर निर्धास्त वापरावा.

या ठिकाणी बहुतेकांची एक चूक होते. एलईडीच्या कागदावर २० मिलीअँपिअर लिहिलेले असते, आणि तो आकडा पाळायचाच आहे असे समजून लोक लहान रेझिस्टर लावतात. तो आकडा सहन करण्याची मर्यादा सांगतो. २० मिलीअँपिअरवर चालणारा एलईडी एचओच्या डब्यात घातला, तर खिडक्यांतून मोटारीच्या हेडलाइटसारखा झोत येतो आणि डब्याचे सारे रूप नाहीसे होते. आपल्या आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) जातीच्या स्लीपर डब्यात ७२ शायिका नऊ कप्प्यांत विभागलेल्या असतात. त्याच्या प्रतिकृतीत मी प्रत्येक कप्प्यावर एक असे नऊ एलईडी बसवतो आणि प्रत्येकाला एकच मिलीअँपिअर देतो, ज्यासाठी ३.३ ऐवजी १० किलोओहमचा, तपकिरी, काळा आणि नारिंगी पट्ट्यांचा रेझिस्टर लागतो. नऊ मंद दिवे तीन प्रखर दिव्यांपेक्षा कितीतरी खरे दिसतात, कारण प्रत्येक खिडकीत सारखा उजेड पडतो आणि मधे अंधाराचे खांब उभे राहत नाहीत. आयसीएफचा खरा डबा २१.३ मीटर लांब असतो. त्याला ८७ ने भागले की साडेचोवीस सेंटीमीटर येतात, आणि त्यात नऊ एलईडी अडीच-अडीच सेंटीमीटरवर आरामात बसतात.

साध्या डीसी मार्गावर मात्र हा हिशेब थांबून पुन्हा मांडावा लागतो, आणि माझा सर्वांत जास्त वेळ यातच गेला. सुरुवातीला मी लक्ष्मीपुरीतून १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणली. ही पट्टी दर तीन एलईडींनंतर कापता येते आणि तिच्यावर रेझिस्टर आधीच बसवलेले असतात, म्हणून ते काम अगदी सोपे वाटले. डबा तयार झाला, रुळांवर ठेवला, वेग पूर्ण वाढवला, आणि दिवे झकास लागले. परंतु गाडी स्थानकात शिरताना वेग कमी केला, तसा डबा विझत गेला आणि फलाटाला लागला तेव्हा पूर्ण काळोखात होता. जेथे दिवे हवेत तेथेच ते नव्हते.

कारण त्या पट्टीच्या रचनेत आहे. तिच्यात तीन एलईडी एकामागे एक, साखळीत जोडलेले असतात, म्हणजे तीन बंधारे लागोपाठ उभे केल्यासारखे. त्यांचे काठ मिळून ९ व्होल्ट होतात आणि ब्रिजचे १.४ मिळवले की १०.४ होतात. डीसी मार्गावर रुळांचा दाब म्हणजेच गाडीचा वेग. इंजिन ३-४ व्होल्टवर हलू लागते आणि फलाटाच्या वेगाला ५-६ व्होल्टवर चालते. तेव्हा १० व्होल्टच्या आसपास जागा होणारा दिवा तेथे उपयोगाचा नाही. डीसीसीवर रुळांवर सदैव पूर्ण दाब असतो, म्हणून हीच पट्टी तेथे उत्तम चालते. दोन्ही पद्धतींसाठी एकच सल्ला देणाऱ्यांवर यासाठी विश्वास ठेवू नये.

डीसीवर एलईडी समांतर जोडावेत आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा रेझिस्टर द्यावा. एकाच एलईडीचे ३ आणि ब्रिजचे १.४ मिळून ४.४ होतात, त्यामुळे इंजिन हलते त्याच सुमारास दिवाही जागा होतो. १२ व्होल्टला ३ मिलीअँपिअर मिळावेत म्हणून ७.६ भागिले ०.००३ केले, तर २५३३ ओहम येतात, २.७ किलोओहमचा, लाल, जांभळा आणि लाल पट्ट्यांचा रेझिस्टर घ्यावा. आता ६ व्होल्टवर काय होते ते पाहा. ६ मधून ४.४ गेले, १.६ उरले, आणि त्याला २७०० ने भागले की ०.६ मिलीअँपिअर मिळतो. प्रवाह पाचपट घटला, परंतु आपला डोळा उजेडाची घट त्याच प्रमाणात मोजत नाही, म्हणून डबा मंद झाला असे वाटते, विझला असे वाटत नाही. डीसीवर ३ आणि डीसीसीवर १ मिलीअँपिअर का, याचे उत्तर यात आले: डीसीवर खालच्या वेगासाठी वरच्या टोकाला थोडा हात सैल सोडावा लागतो. सर्व एलईडींना मिळून एकच रेझिस्टर देण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक एलईडीचा काठ किंचित वेगळा असतो आणि ज्याचा काठ सर्वांत खाली तोच सगळा प्रवाह ओढून घेतो.

गाडी उभी असताना डीसी रुळांवर वीजच नसते, तेव्हा तेथे कोणताही रेझिस्टर चालत नाही. ज्यांना थांबलेल्या गाडीतही उजेड हवा असेल, त्यांनी डब्यात घड्याळाच्या जातीचे दोन सीआर२०३२ सेल ठेवावेत. दोन सेलांचे ६ व्होल्ट, त्यातून ३ गेले, आणि १.५ किलोओहम लावला की २ मिलीअँपिअर मिळतात. अशा सेलाची साठवण सुमारे २२० मिलीअँपिअर-तास असते, म्हणजे एक एलईडी शंभर तास चालतो. सोबत रीड स्विच बसवला, तर टपाजवळ चुंबक नेऊन दिवा लावता येतो आणि डबा उघडावा लागत नाही.

तिसरे काम, क्षणभराची तूट भरून काढण्याचे, हे दिसायला किरकोळ असले तरी पाहणाऱ्याला सर्वांत आधी तेच खटकते. चाक रुळाला जेथे टेकते, ती जागा टाचणीच्या टोकाएवढी असते. तेथे धुळीचा कण आला, रुळांचा जोड आला किंवा सांधा बदलण्याच्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा आला, की वीज तुटते. बल्बाची तार अशा वेळी काही मिलीसेकंद तापलेलीच राहते आणि आपल्याला काही कळत नाही. एलईडी मात्र वीज तुटताच विझतो आणि येताच पेटतो, त्यामुळे रुळांवरचा प्रत्येक डाग दिव्यात दिसतो. आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यातली दमट हवा रुळांवर काळसर थर आणते आणि गळीत हंगामात गुऱ्हाळांची काजळी गच्चीवरून माडीत येते. रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात, म्हणून ते लोखंडासारखे गंजत नाहीत, पण काळे पडतात. महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने रूळ आणि डब्यांची चाकेही पुसावीत. चाके पुसणे बहुतेक जण विसरतात.

स्वच्छता कितीही ठेवली तरी कपॅसिटर लागतोच. घराच्या गच्चीवरची टाकी जशी नळाचे पाणी गेल्यावरही काही वेळ घरात पाणी देते, तसा कपॅसिटर रुळांची वीज तुटल्यावर आपल्यातली वीज दिव्यांना देतो. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ब्रिजनंतर जोडावा. आपल्या नऊ एलईडींचे १० किलोओहमचे रेझिस्टर समांतर असल्यामुळे त्यांचा एकत्रित रोध ११०० ओहमच्या आसपास येतो. त्याला ४७० मायक्रोफॅरडने गुणले की ०.५२ सेकंद येतो. एवढ्या वेळात दिवे एकदम न विझता सावकाश मंदावतात, आणि सांध्यावरची तूट बहुधा याच्या निम्म्यापेक्षाही कमी असते. येथे दोन गोष्टी जपाव्यात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला धन आणि ऋण अशा बाजू असतात. पट्टा असलेली बाजू ऋण असते, आणि तो उलटा जोडला तर फुटतो. दुसरे असे की रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसर्किटसारखा वीज ओढतो, आणि दहा डब्यांचे दहा कपॅसिटर एकदम भरू लागले, तर डीसीसीचा पुरवठा स्वतःला बंद करून घेतो. म्हणून प्रत्येक कपॅसिटरच्या मागे १०० ओहमचा रेझिस्टर घालावा. मग एका डब्याची पहिली ओढ ०.१४ अँपिअरच्या पुढे जात नाही. परत वीज देताना या १०० ओहममुळे नुकसान जवळजवळ होत नाही, कारण दिव्यांचा प्रवाहच इतका कमी आहे.

कपॅसिटर किमान २५ व्होल्टचा घ्यावा. ज्यांच्याकडे मार्कलिन या जर्मन कंपनीचा जुना, तीन रुळांचा एसी मार्ग आहे, त्यांनी ३५ व्होल्टचाच घ्यावा, कारण त्या पद्धतीत इंजिनाची दिशा बदलण्यासाठी क्षणभर २४ व्होल्टचा झटका देतात आणि एसीचे शिखर त्याहूनही वर जाते. मार्कलिनने आपली प्रमाणित रुंदीच्या रुळांची खेळण्यातली गाडी १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडली, आणि त्याच १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाचा मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग सुरू झाला. हा योगायोग कळला त्या दिवसापासून माझ्या फळीवरच्या स्थानकाची पाटी कोल्हापूरचीच आहे.

कपॅसिटर ठेवायचा कोठे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्याची जाडी सुमारे १० मिलीमीटर असते, आणि डब्याच्या टोकाला असलेली शौचालयाची खोली एचओच्या मापात याहून थोडीशी मोठी असते. तेथली खिडकी दुधी असते, म्हणून उभा ठेवलेला कपॅसिटर बाहेरून दिसत नाही. ब्रिज समोरच्या टोकाच्या शौचालयात जातो.

आता हातकामाकडे येतो. पातळ तारेसाठी मी उद्यमनगरातल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. मिस्त्रींनी विचारले, "मोटार किती एचपीची हाय?" डब्यातल्या दिव्यांसाठी हवी असल्याचे सांगून खिशातला एलईडी त्यांच्या तळहातावर ठेवला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला आणि ३६ गेजच्या रिळावरून दोन-तीन वाव तार सोडून दिली. ही तार ०.१९ मिलीमीटर जाडीची, एनॅमल दिलेली तांब्याची असते. कोपऱ्यातून, आसनांच्या पाठीमागून नेली की दिसत नाही. मिस्त्रींनी जाताना एक महत्त्वाची गोष्ट सांगितली, ती येथे नोंदवतो: मोटारीच्या तारेचे एनॅमल उष्णता सोसण्यासाठीच बनवलेले असते, त्यामुळे ते सोल्डरिंग आयर्नने जळत नाही, टोके पॉलिश पेपरने घासूनच उघडी करावी लागतात. हे माहीत नसल्यामुळे सोल्डर वरून चिकटल्यासारखे दिसते आणि आत जोड लागलेलाच नसतो.

एलईडी लहानातला घ्यायचा, तर ०६०३ मापाचा म्हणजे १.६ बाय ०.८ मिलीमीटरचा घ्यावा लागतो, आणि तो हाताळायला गुजरीत सराफी कामासाठी मिळतो तसा बारीक टोकाचा चिमटा लागतो. नवशिक्याने मात्र त्याहून मोठ्या, ३५२८ मापापासून सुरुवात करावी. चिकटपट्टी उलटी टेबलावर लावून तिच्यावर एलईडी ठेवला, की तो हलत नाही. तारेच्या टोकाला आधी कथिलाचा पातळ मुलामा द्यावा, एलईडीच्या पायाला फ्लक्सचा थेंब लावावा, आणि मग २५ वॉटचे आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त न टेकवता काढून घ्यावे. नीट लागलेला जोड चकचकीत आणि पायाकडे उतरता दिसतो. मळकट, गोळीसारखा उभा राहिलेला जोड पुन्हा करावा. प्रत्येक एलईडी बसवण्याआधी आणि तार लावल्यानंतर ३ व्होल्टच्या सेलावर क्षणभर टेकवून पाहावा. हे दोन क्षण वाचवले, तर डबा बंद केल्यावर पुन्हा उघडावा लागतो, आणि जुन्या डब्यांच्या टपाच्या खुंट्या प्रत्येक उघडण्यात थोड्या मोडतात.

वीज रुळांवरून डब्यात आणण्यासाठी धातूची चाके आणि आसांना टेकणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या पत्त्या लागतात. प्रत्येक आसावरचे एक चाक आसापासून विद्युतरोधित असते. पुढच्या बोगीने, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीने, डाव्या रुळावरून आणि मागच्या बोगीने उजव्या रुळावरून वीज घ्यायची, अशी रचना सोपी पडते. मात्र दुरुस्तीनंतर एखादी बोगी उलटी बसवली, तर दोन्ही बोग्या एकाच रुळावरून वीज घेतात आणि डब्यात अंधार राहतो. दिवे लागत नसतील, तर सर्वांत आधी हे तपासावे. पत्ती जोरात दाबणारी नसावी, नुसती स्पर्श करणारी असावी, नाहीतर दहा डब्यांची गाडी चढावर इंजिनाला ओढवत नाही.

उजेडाचा रंग निवडताना डबा कोणत्या काळातला आहे, हे ठरवावे. बल्बच्या काळातल्या डब्याला २७०० ते ३००० केल्विनचा उबदार पांढरा एलईडी द्यावा; ६५०० केल्विनचा थंड पांढरा अलीकडच्या डब्यांनाच शोभतो. हाती थंड पांढरेच असतील, तर त्यांच्यावर पारदर्शक पिवळसर नारिंगी रंगाचा एक हात द्यावा, कारण त्यातली निळी चकतीच उजेडाला थंड करत असते आणि तो रंग तिचा निळेपणा खातो. स्लीपर डब्यात रात्रीसाठी निळा दिवा असतो. दर तिसऱ्या कप्प्यात एक निळा एलईडी १५ किंवा २२ किलोओहमवर अगदी मंद ठेवला आणि पांढरे बंद केले, तर महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री मुंबईला गेलेल्या कोणालाही तो डबा ओळखू येतो. शेवटच्या डब्यामागे आपोआप लुकलुकणारा लाल एलईडी लावावा. त्याच्यासाठी वेगळे सर्किट लागत नाही, फक्त रेझिस्टर लागतो.

टप बंद करण्यापूर्वी त्याला आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा. काळा रंग उजेड टपातून आरपार जाऊ देत नाही आणि पांढरा तो खाली परतवतो. काही जण यासाठी ॲल्युमिनियमची चिकटपट्टी वापरतात, परंतु ती विजेची वाहक असते आणि एखादा उघडा जोड तिला टेकला तर शॉर्टसर्किट होते, म्हणून मी ती टाळतो.

डबा तयार झाल्यावर माडीवरचे सगळे दिवे मालवून पाहणी करावी, दिवसा करू नये. आधी डबा रुळांवर स्थिर ठेवून प्रत्येक खिडकी पाहावी. एखादी खिडकी शेजारच्यांपेक्षा उजळ दिसली, तर त्या एकाच एलईडीचा रेझिस्टर १० ऐवजी १५ किलोओहमचा करावा. टप आणि भिंत यांच्या जोडातून उजेडाची रेघ येत असेल, तर आतून काळ्या रंगाची बारीक रेघ ओढावी. मग गाडी फलाटाच्या वेगाने सांध्यावरून चार-पाच वेळा न्यावी आणि नजर इंजिनावर न ठेवता खिडक्यांवर ठेवावी. उजेड हलला नाही, तर कपॅसिटर आणि पत्त्या दोन्ही ठीक आहेत. हलला, तर कपॅसिटर वाढवण्याआधी चाके एकदा पुसून पाहावीत. माझ्या डब्यांत दहापैकी सात-आठ वेळा दोष तेथेच सापडला आहे.